आबा परबांचा बंब

बाबल मेस्त्रीच्या शेडमधला भुसा रोज संध्याकाळी झाडला, तरी दुसऱ्या दिवशी पायाखाली तेवढाच असतो. आमच्या बंबाच्या किश्शांचंही तसंच झालंय. एक सांगून संपवावा, तर त्याच्याखाली दुसरा सापडतो. चार माणसं चहाला जमली की कोणीतरी म्हणतंच, "मास्तरानु, ता साडयेचा सांगा मां!" आणि मग माझा चहा निवतो.

मास्तर म्हणजे मी. हायस्कुलात ड्रॉइंग शिकवतो. आमच्या कंपूत आणखी तिघं. बाबल मेस्त्री होड्या बांधतो. तोंडवलीला सुरूच्या बनाला लागून असलेली शेड त्याचीच. विनू मालवणच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करतो. आणि ज्यांच्यामुळे हे सगळं सुरू झालं ते आबा परब. सगळी नोकरी मुंबईत फायर ब्रिगेडची गाडी चालवण्यात गेली, आणि रिटायर झाल्यावर ते तोंडवलीला घरी परत आले.

येताना त्यांनी एक फोटो आणला होता. त्यांच्या स्टेशनच्या दारात शोभेला उभा असलेला जुना बंब. वर छप्पर नाही, ड्रायव्हर उघड्यावर, बाजूला पितळी घंटा, मागे दोन मोठ्या चाकांची लाकडी शिडी. नव्या भरतीच्या पोरांनी त्याचं पितळ घासायचं, असा तिथला रिवाज. आबांनीही घासलं. चालवायला मात्र तो त्यांना कधीच मिळाला नाही.

तर आबांनी ठरवलं, या बंबाचं मॉडेल करायचं. शोकेसमध्ये ठेवायचं नव्हे. रिमोटवर पळणारं, घंटा वाजवणारं, पाणी मारणारं!

"आयुष्यभर दुसऱ्याचे बंब चालवलंय," आबा म्हणाले. "आता एक माजो चालवतलंय."

*

पहिला घोळ शब्दाचाच झाला.

आबांनी घरी जाहीर केलं, "मी बंब करतंय." काकींना वाटलं, आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब! त्या खूश. नवरा रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच घराच्या उपयोगाचं काही बोलला होता. काकींनी ते विहिरीवर सांगितलं, आणि विहिरीवरून ते गावभर गेलं.

आठवडा गेला नसेल, तर कट्टा गावाहून एक गृहस्थ रिक्षातून उतरले. मांडीवर बुडाला भोक पडलेला जुना तांब्याचा बंब.

"आबा परब तुमीच मां? ह्येका वायच डाग देवन व्हयो."

आबा ताठ उभे राहिले. "मी फायर ब्रिगेडचो बंब करतंय!"

गृहस्थांनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. "चलात. माका पाणी कडकडीतच लागता!"

ते गेल्यावर काकी बाहेर आल्या.

"म्हणजे तुमचो बंब पाणी तापवचो नाय?"

"नाय. ह्यो आग इझवतलो."

"मगे पयली माज्या डोक्यातली इझवा!"

*

फोटोवरून मी नकाशा काढला, मापं टाकली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'एकास आठ'. बाबलने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. त्याच्या बापाने आणि आज्याने होड्या बांधल्या त्या नुसत्या नजरेच्या मापाने. कागद म्हटला की बाबलच्या कपाळाला आठी.

"एकास आठ म्हणजे काय?"

"आठपट," विनू फोनचा स्क्रू पिळता पिळता म्हणाला. त्याला म्हणायचं होतं आठपट लहान.

बाबलने बंबाच्या फोटोकडे पाहिलं, शेडच्या छपराकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहत बसला. शेवटी म्हणाला, "शेड मोडूची लागतली. पण मास्तर, इतको मोठो बंब लागात, इतकी आग लागली खंय?"

गैरसमज दूर करायला अर्धी दुपार गेली. पण एकदा कळल्यावर बाबल थांबला नाही. फणसाच्या लाकडाचा दोन हातांहून थोडा लांब असा सांगाडा त्याने चार दिवसांत उभा केला. सांधा कुठे आहे ते बोटाला लागत नव्हतं. आबांनी कौतुकाने उचलून उलटा केला आणि त्यांचा चेहरा पडला. खालची बाजू होडीसारखी गोल!

"बाबल्या, ह्या काय रे?"

"पाण्यात पडलो तर तरंगाक नको?"

"बंबाक चाकां असतत रे मेल्या!"

"लाव मगे चाकां," बाबल शांतपणे म्हणाला. "मी नको म्हणतंय?"

*

बंब जसजसा भरत गेला, तसतसं काकींचं स्वयंपाकघर रिकामं होऊ लागलं. दिव्यांसाठी दोन वाटणाच्या वाट्या गेल्या. रबरी चपलेची एक जोडी टायर होऊन गेली. एकदा आम्ही चौघे चहाला बसलो, तर कपात निम्मा चहा आणि निम्मी पावडर.

विनू म्हणाला, "काकी, गाळूक इसरलास."

"इसराक नाय. गाळणी बंबाच्या तोंडार आसा," काकी म्हणाल्या. "थयसून गाळून घेवा!"

खरंच होती. रेडिएटरची जाळी म्हणून आबांनी कापून बसवली होती. फार शोभत होती.

पण घंटेचं प्रकरण वेगळं. आबांना हव्या त्या आकाराची पितळी घंटा मिळेना. बाजारातली एक मोठी, दुसरीचा आवाज बसका. मग एका सकाळी ती मिळाली. कुठे मिळाली ते आबांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण तिच्या दांड्यावर गरुड होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेडमध्ये असताना काकी आल्या. आंघोळ झालेली, हातात तबक. बंबासमोर पाट मांडला, बंबाला गंध लावलं, बॉनेटवर जास्वंदीचं फूल ठेवलं, निरांजन लावून सगळी आरती म्हटली आणि बंबाची दोरी ओढून घंटा वाजवली.

आबा पुटपुटले, "अगो, ह्यां काय? देव घरात आसत मां?"

"देव खंय आसत ता माका ठावक नाय," काकी म्हणाल्या. "घंटा हय आसा. घंटा थंय पूजा!"

सलग पाच दिवस बंबाची पूजा झाली. सहाव्या दिवशी आबा मालवणला जाऊन देवघरासाठी नवी घंटा घेऊन आले. पण तोवर बाबलला सवय लागली होती. तो काकींना विचारी, "काय गो काकी, आज परसाद नाय?"

*

आता ते साडीचं.

रंगाचं काम माझ्याकडे. मला वाटलं, लाल म्हणजे लाल. पण आबांच्या डोळ्यांत तो एकच लाल बसला होता. मी एक छटा दाखवली, "ह्यो एसटीचो." दुसरी दाखवली, "ह्यो टपालपेटीचो." तिसरीला म्हणाले, "मास्तरानु, ह्यो टोमॅटोचो सुद्धा नाय!" मी शाळेत वीस वर्षं रंग शिकवतोय, पण इतका अपमान सातवीच्या वर्गानेही केला नव्हता.

शेवटी आम्ही दोघे कणकवलीला गेलो. तिथल्या एका दुकानात मशीनवर रंग मिसळून देतात असं कळलं होतं. दुकानदार म्हणाला, "सॅम्पल आणा, तस्सा करून देतो." सॅम्पल कुठून आणणार? मी विचार करतोय तोवर आबा शेजारून गायब!

पाहिलं तर भर बाजारात ते एका बाईंच्या मागोमाग चाललेले. त्या कोकमं बघायला थांबल्या की हे थांबत. त्या पुढे गेल्या की हे पुढे. बाईंची साडी लाल होती, आणि मला चाळीस फुटांवरून कळलं की तो लाल सापडला.

मी धावत पोचेपर्यंत बाई वळल्या होत्या. "काय हो, काय पाहिजे?"

आबा सरकारी माणूस. अनोळखी बाईशी बोलायचं म्हणून त्यांनी साहेबासमोरची शुद्ध मराठी काढली आणि घात झाला. दोन्ही हात जोडून म्हणाले, "बाई, मला तुमचा रंग फार आवडला आहे."

कोकमंवालीने मापटं खाली ठेवलं. आजूबाजूचे चारजण थांबले. मी घाम पुसत मध्ये पडलो, "तसं नाही ताई, साडीचा! आम्हाला बंबाला लावायचाय!"

बाईंनी आम्हा दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग पदराचं टोक हातात घेऊन उन्हात धरलं आणि मान हलवली.

"बंबाक? ह्यो नको. ह्यो पाण्यान उतरता!"

माणसं भली असली की अशी असतात. त्या आमच्याबरोबर रंगाच्या दुकानात आल्या, काउंटरवर पदर पसरला, दुकानदाराला तीनदा मिश्रण बदलायला लावलं. तेवढ्यात त्यांचा नवरा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन शोधत आला. बायकोचा पदर काउंटरवर, भोवती तीन पुरुष वाकलेले.

"कोण गो ह्ये?"

"फायर ब्रिगेडवाले," बाई म्हणाल्या. "माजी साडी बगतत."

नवऱ्याने पिशव्या टाकल्या आणि तिच्याभोवती गोल फिरायला लागला. "खंय जळता? खंय जळता?"

*

पहिली ट्रायल तोंडवलीच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या घट्ट वाळूत. विनूने कुठल्याशा मोडक्या खेळण्यातला रिमोट बसवला होता. "एकदम ओरिजिनल पार्ट!" म्हणून आम्हाला गप्प केलं होतं.

आबांनी बटण दाबलं. लालभडक बंब निघाला, आणि काय निघाला! तेवढ्यात बाबल म्हणाला, "आबा, ह्येच्या पाठसून कोण येता?"

बंबाच्या मागोमाग एक छोटी पिवळी जीप. बंब वळला की जीप वळे. बंब थांबला की जीप थांबे. गाईमागून वासरू जावं तशी.

पलीकडे घाटावरून आलेले एक धिप्पाड पाहुणे उभे. भाच्यासाठी घेतलेली जीप स्वतःच चालवत होते. भाचा लांब वाळूत खणत बसला होता. पाहुणे रिमोट उंच धरून ओरडले, "ओ काका! माझी गाडी कुठं पळवताय?"

"मी खंय पळवतंय? तीच येता!"

पाहुण्यांनी जोरात रिव्हर्स दाबला. जीप मागे आली, आणि बंबही! मागे म्हणजे थेट कोकम सरबताच्या टेबलात. पाच-सहा ग्लास गेले. सरबतवाली उठली. तिच्या लेखी दोषी एकच, ज्याचा बंब तो. "शिरा पडो तुमच्या बंबार! मेल्यानु, आग नाय तर सरबत इझवतास?"

विनूच्या लक्षात आलं. दोन्ही रिमोट एकाच जातीचे. एक बोलला की दोन्ही गाड्या ऐकत होत्या. तो समजावू लागला, पण ऐकतो कोण? पाहुणे म्हणत, तुम्ही बंद करा. आबा म्हणत, किनारो आमचो. शेवटी बाबलने तोडगा काढला. दोघांना शेजारी उभं केलं, पाहुण्यांचा रिमोट काढून सरबतवालीकडे दिला आणि म्हणाला, "आता दोनय गाडये आबा चालवतलो. तुमी नुसते हातवारे करा!"

पाहुण्यांनी अर्धा तास हातवारे केले. जाताना म्हणाले, "लई मजा आली."

*

नवा रिमोट आला, मग पाण्याचा पंप बसला. जुन्या मारुतीच्या काचेवर पाणी मारायचा पंप, विनूने भंगारातून शोधलेला. आता कमी होती ती फक्त आगीची.

आबांचा शेडमध्ये एक नियम होता: बिडी बंद. भुसा, रंग, थिनर. ठिणगी पडली तर संपलं. बाबलचं म्हणणं, शेड माझी, बिडी माझी, भुसाही माझाच. यावर दोघांचं रोज वाजायचं.

त्या दिवशी बाबलने आबांची पाठ वळलेली पाहून बिडी पेटवली. रंधा बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि पहिला झुरका घेतला. शेडच्या दुसऱ्या टोकाला घंटा वाजली. बाबलने डोळे उघडेपर्यंत बंब त्याच्या पायाशी येऊन थांबला होता. नळी वर झाली. सुर्रर्र! बिडी गेली, मिशी भिजली.

आबा रिमोट धरून दारात उभे. सॅल्यूट ठोकला. "वर्दी मिळाली, हजर झालंय, आग इझली!"

बाबल ओल्या बिडीकडे बघत राहिला. आम्हाला वाटलं, आता भडकणार. पण त्याने ती बिडी उन्हात वाळवली आणि शेडच्या खांबावर खिळ्याने ठोकून ठेवली. आजही कोणी पाहुणा आला की दाखवतो.

"बगा. आबाच्या बंबान इझयलेली पयली आग. माजी!"

*

आणि एक जत्रेचा.

शेजारच्या गावात देवाची जत्रा होती. दुपारी मुलांना दाखवायला म्हणून आबांना बंब घेऊन बोलावलं होतं. मुख्य रस्त्यापासून देवळापर्यंतची वाट अरुंद, दोन्ही बाजूंना खाजा-मिठाईची आणि खेळण्यांची दुकानं, मध्ये माणसं, आणि मिळेल तिथे उभ्या केलेल्या मोटारसायकली.

तीनच्या सुमाराला देवळामागून धूर दिसला. गोठ्याशेजारची गवताची गंज पेटली होती. ठिणगी कुठून आली, कोणी सांगू शकलं नाही. वारा समुद्राकडून, गोठ्यात गुरं, आणि गोठ्याला लागून घरं. बाबल आणि गावातले बाप्ये गुरं सोडवायला धावले. बायकांनी विहिरीपासून कळशांची रांग लावली. कोणीतरी फोन केला.

खरा बंब लवकर आला, पण वाटेच्या तोंडाशीच अडकला. सायरन बोंबलत होता, ड्रायव्हर, एक तरुण पोरगा, खिडकीतून हात हलवून ओरडत होता. पण सायरन ऐकून माणूस बाजूला होत नाही. तो वळून बघतो आणि मोबाइल काढतो. जे बघत नव्हते ते सगळे धुराकडे तोंड करून उभे. गाडी इंचभर पुढे सरेना.

मी आबांना शोधत होतो. ते मोठ्या बंबाच्या पुढ्यात उभे होते. खाली वाकले, आपला बंब वाटेत ठेवला आणि घंटा सुरू केली.

"बाजूक व्हा! गाडी येता! बाजूक व्हा!"

पायाशी घंटा वाजली म्हणून लोकांनी खाली पाहिलं. "अरे, बंब इलो! बग बग!" बायकांनी साड्या आवरल्या, बापांनी पोरं उचलून खांद्यावर घेतली, खाजावाल्याने टेबल आत ओढलं. चिरडेल, चिरडेल म्हणत लोकांनीच मोटारसायकली उचलून बाजूला केल्या. हसत हसत वाट झाली. आणि त्या झालेल्या वाटेत, चार-पाच हात मागे, मोठा बंब शिरला.

"आबा, आग थंय वाढता हा!" विनू घाबरून ओरडला.

"ड्रायव्हरान आग बगूची नाय," आबा त्याच्याकडे न पाहता म्हणाले. "रस्तो बगूचो."

देवळाच्या कोपऱ्यावर काटकोनात वळण होतं. छोट्या बंबाला ते सहज घेता आलं असतं. पण आबांनी त्याला बाहेरून, लांबून, अगदी तुळशीवृंदावनाला घासून फिरवला. मला कळेना असं का. मग पाहिलं, तर मागचा पोरगा स्टिअरिंग पिळून बरोबर त्याच रेषेवरून मोठी गाडी आणत होता. एक चाक इकडे तिकडे झालं असतं तर गाडी तिथेच बसली असती.

वळण सुटलं तसा आबांनी आपला बंब उचलून छातीशी धरला आणि वाट मोकळी केली. मोठी गाडी पुढे गेली. पाणी सुरू झालं.

गोठ्याचं अर्धं छप्पर गेलं. गंज गेली. गुरं वाचली, घरं वाचली. बाबलच्या भुवया तेवढ्या जळल्या.

सगळं निवल्यावर आबा देवळाच्या पायरीवर बसून रुमालाने बंबाची चाकं पुसत होते. तो तरुण ड्रायव्हर आला, नखशिखान्त भिजलेला, तोंडाला काजळी. आबांपुढे उभा राहिला. काहीतरी बोलणार, तोच त्याचा फोन वाजला. ऑफिसातून होता.

"हो साहेब. आटोक्यात आहे. नाही, कोणाला काही नाही. गुरंपण ठीक आहेत." मग पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "गाड्या? घटनास्थळी?"

त्याने पायरीवरच्या बंबाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि सरळ उभा राहिला.

"दोन, साहेब."